लँकेस्टर, मॉस्किटो आणि टॉप स्पीडचं गणित

गगनबावडा (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानांवर गप्पा निघाल्या की टॉप स्पीडचे आकडे फेकले जातात आणि त्यामागे एकच कारण चिकटवलं जातं: इंजिन तगडं होतं. मला हे पटत नाही, म्हणून हा धागा.

ब्रिटिशांची दोन विमानं घ्या. अ‍ॅव्ह्रो लँकेस्टर: चार इंजिनं, सात माणसं. डी हॅविलंड मॉस्किटो: दोन इंजिनं, दोन माणसं. इंजिन दोघांचंही रोल्स-रॉइस मर्लिन. सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये तर दोघांनाही मर्लिनच्या २० च्या मालिकेतलीच भावंडं बसवलेली, प्रत्येकी साडेबाराशे ते तेराशे अश्वशक्तीची. लँकेस्टरचा पुस्तकी टॉप स्पीड ताशी साधारण ४६० किमी, मॉस्किटो बी मार्क ४ चा साधारण ६१० किमी. म्हणजे निम्मी इंजिनं असलेलं विमान ताशी दीडशे किमीने पुढे.

आता थोडं गणित. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध, म्हणजे ड्रॅग, चौपट होतो. तो चौपट विरोध दुप्पट वेगाने ढकलायचा म्हणजे ताकद आठपट लागते. उलट बाजूने बघा: ताकद दुप्पट केली तरी वेग जेमतेम २६ टक्के वाढतो. नुसता १० टक्के वेग वाढवायचा तर ३३ टक्के जास्त अश्वशक्ती हवी. त्या काळी अशी वाढ मिळवायला इंजिनवाल्यांची दोन-तीन वर्षं सहज जायची.

लँकेस्टरच्या पंखाचं क्षेत्रफळ सुमारे १२० चौरस मीटर, मॉस्किटोचं सुमारे ४२. म्हणजे लँकेस्टरच्या एका मर्लिनच्या वाट्याला ३० चौरस मीटर पंख येतो आणि मॉस्किटोच्या मर्लिनच्या वाट्याला २१. घनमुळाचं सूत्र लावलं तर निव्वळ या कारणाने मॉस्किटो साधारण १२ टक्क्यांनी पुढे जायला हवं. ४६० वर १२ टक्के म्हणजे ५१५. पण ते ६१० ने जातं. मधले ९५ किमी कुठून आले, हा माझा प्रश्न आहे.

माझे संशयित असे. लँकेस्टरच्या नाकावर, पाठीवर आणि शेपटीला फिरते टरेट (बंदुकांचे घुमट), त्यातून बाहेर आलेल्या मशीनगनच्या नळ्या. मॉस्किटो बॉम्बरवर एकही बंदूक नाही. लँकेस्टरचे रेडिएटर इंजिनांखाली हनुवटीसारखे लोंबणारे, मॉस्किटोचे पंखाच्या पुढच्या कडेत, इंजिन आणि धडाच्या मधल्या जागेत लपवलेले. शिवाय फार्नबरोच्या ब्रिटिश विमान संशोधन केंद्रातल्या मेरेडिथने १९३० च्या दशकात दाखवून दिलं होतं की रेडिएटरमधून तापून बाहेर पडणारी हवा नीट आकाराच्या तोंडातून मागे सोडली तर तिचा थोडा धक्का पुढे ढकलायला मिळतो आणि रेडिएटरचा ड्रॅग बऱ्यापैकी फिटतो. मॉस्किटोत याचा चांगला उपयोग केलेला दिसतो.

आणि शेवटचा संशयित, उंची. पण त्यावर माझ्यापेक्षा जाणकार लोक इथे आहेत. येऊ द्या.

टवाळकी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पण इतकं गणित कशाला? मॉस्किटो लाकडाचं होतं. लाकूड हलकं, म्हणून विमान हलकं, म्हणून पळायचं. विषय संपला.

रिबस्पार

टवाळकीराव, विषय संपला नाही, तुम्ही तो चुकीच्या गल्लीत नेलाय.

वजनाचा टॉप स्पीडवर थेट परिणाम लोकांना वाटतो त्याहून बराच कमी असतो. ड्रॅगचे दोन मोठे भाग. एक, विमानाचं अंग हवेत घुसवण्याचा: आकार, पृष्ठभाग, बाहेर आलेल्या वस्तू. हा वेगाच्या वर्गाने वाढतो. दुसरा, वजन तोलण्यासाठी पंखाने हवा खाली ढकलण्याची किंमत, म्हणजे इंड्यूस्ड ड्रॅग. हा वेग वाढला की कमी होतो. मध्यम उंचीवर पूर्ण थ्रॉटलने जाणाऱ्या विमानात दुसरा भाग लहानसा उरतो. त्यामुळे त्याच विमानातून टनभर वजन उतरवलं तर चढायचा वेग सुधारेल, कमाल उंची वाढेल, धावपट्टी कमी लागेल. टॉप स्पीड मात्र थोडाच हलेल.

वजन वेग खातं ते आडमार्गाने. जड विमानाला उतरताना बेताचा वेग ठेवायचा तर मोठा पंख लागतो, आणि तो मोठा पंख मग पूर्ण प्रवासभर सोबत न्यावा लागतो. या दुष्टचक्रातून उडी मारायचा प्रयत्न अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने बी-२६ मरॉडरमध्ये केला. ६५ फुटांचा लहान पंख, दोन मोठी इंजिनं आणि सुरुवातीच्या आवृत्तीत ताशी ३१५ मैल, म्हणजे ५०० किमीच्या वर. किंमत कुठे मोजली? उतरताना. विमान इतक्या वेगात जमिनीवर यायचं की नवशिक्या वैमानिकांचे अपघात सुरू झाले. फ्लोरिडातल्या मॅकडिल तळावर 'रोज एक, टँपाच्या खाडीत' अशी म्हणच पडली. शेवटी पंख ७१ फुटांचा केला, शेपूट वाढवली, बंदुकाही वाढल्या आणि टॉप स्पीड घसरला. नंतर हेच मरॉडर युरोपात फार कमी नुकसानीत लढलं, हेही सांगायला हवं.

आता लाकूड. मॉस्किटोचं अंग म्हणजे बाहेरून-आतून बर्चचं प्लायवूड आणि मधे बाल्सा. लाकडाने वेग दिला तो हलकेपणामुळे कमी आणि गुळगुळीतपणामुळे जास्त. ना रिव्हेटची डोकी, ना पत्र्यांचे एकमेकांवर चढलेले सांधे. वरून कापड ताणून, लुकण भरून, घासून रंग.

अनघा_बोरिवली

धागा आवडला, वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न. उंचावर हवा विरळ म्हणजे ड्रॅग कमी. मग सगळीच बॉम्बर सरसकट दहा किलोमीटरवर जाऊन सुसाट का नाही पळाली?

गगनबावडा

अनघाताई, प्रश्न बाळबोध अजिबात नाही, अर्धं हवाई युद्ध याच प्रश्नावर लढलं गेलं.

६,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या ५४ टक्के उरते, ९,००० मीटरवर ३८ टक्के. ड्रॅग त्याच प्रमाणात उतरतो, बरोबर. पण इंजिनही तीच हवा पितं. साधं पिस्टन इंजिन वर जाईल तसं गळपटत जातं. म्हणून सुपरचार्जर: इंजिनाच्याच ताकदीवर फिरणारा पंखा, जो विरळ हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. प्रत्येक सुपरचार्जरची एक उंची ठरलेली, जिथपर्यंत तो पूर्ण दाब टिकवू शकतो. विमानाचा टॉप स्पीड साधारण त्या उंचीच्या आसपासच मिळतो. तिच्या खाली हवा दाट, वर इंजिन अशक्त.

म्हणून पुस्तकात नुसतं 'कमाल वेग ४६२' लिहिलेलं असेल तर त्या आकड्यावर फार विसंबू नका. लँकेस्टरचा कमाल वेग साधारण चार हजार मीटरच्या आसपासचा, मॉस्किटोचा सहा हजारांच्या पुढचा. त्यामुळे माझ्या त्या ९५ किमीतले बरेचसे इथेच निघाले म्हणायचे.

मर्लिनला पुढे दोन टप्प्यांचा सुपरचार्जर आला, मागोमाग जोडलेले दोन पंखे आणि मधे दाबून तापलेली हवा गार करायला इंटरकूलर. रोल्स-रॉइसच्या स्टॅनली हूकर यांचं यात मोठं काम. गंमत म्हणजे हे इंजिन आधी उंचावरून जाणाऱ्या वेलिंग्टन बॉम्बरसाठी म्हणून सुरू झालं आणि नाव झालं ते स्पिटफायर ९ या लढाऊ विमानामध्ये. हेच इंजिन बसवल्यावर मॉस्किटो १६ ताशी ६५० किमीच्या पुढे गेलं.

अमेरिकनांनी वेगळी वाट धरली: एक्झॉस्टच्या वायूवर फिरणारा टर्बो. बी-१७, बी-२४, बी-२९ तिघांनाही. म्हणून बी-१७ जी चा कमाल वेग लँकेस्टरइतकाच, ताशी ४६० किमी दिसतो, पण तो साडेसात हजार मीटरवरचा. आकडा सारखा असला तरी त्यामागची विमानं वेगळीच.

हिजलीवाला

उंचीचा विषय निघालाच आहे तर बी-२९ ची थोडी भर.

मी खरगपूरला शिकलो. आयआयटी जिथे सुरू झाली ती हिजलीची जुनी बंदी छावणीची इमारत युद्धकाळात अमेरिकेच्या विसाव्या बॉम्बर कमांडचं मुख्यालय होती. आसपास चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी इथे धावपट्ट्या. जून १९४४ मध्ये बी-२९ ची पहिली मोहीम इथूनच बँकॉकवर गेली. त्याच महिन्यात हिमालय ओलांडून चीनमधल्या छंगतू तळावर जाऊन, तिथून जपानच्या यावातावर.

कागदावर बी-२९ म्हणजे चमत्कार. ताशी ५७५ किमी, तेही नऊ हजार मीटरवर. चार राइट आर-३३५० इंजिनं, प्रत्येकी २,२०० अश्वशक्ती. पंख बी-१७ पेक्षा फक्त बाविसेक टक्क्यांनी मोठा, पण विमान जवळपास दुप्पट जड. रिबस्पार म्हणाले त्या दुष्टचक्रावर बोइंगचा तोडगा म्हणजे प्रचंड मोठे फ्लॅप. उतरताना ते मागे सरकून पंखाचं क्षेत्रफळच वाढवायचे. वर गेल्यावर आत घेतले की पंख पुन्हा लहान आणि वेगवान. रिव्हेट पृष्ठभागात बुडवलेले, पत्रे टोकाला टोक भिडवलेले, टरेट छोटे घुमट आणि दूरवरून चालवायचे.

पण बंगालच्या उन्हाळ्यात या कागदाची परीक्षा झाली. ते इंजिन मुळात तापट, अठरा सिलिंडर दोन रांगांत, मागच्या रांगेला हवा पोचायची मारामार. क्रँककेसमध्ये मॅग्नेशियम, त्यामुळे एकदा पेटलं की विझवणं अशक्य. बोइंगचा मुख्य चाचणी वैमानिक एडी अ‍ॅलन फेब्रुवारी १९४३ मध्ये सिअ‍ॅटलला अशाच आगीत सगळ्या सहकाऱ्यांसह गेला. इंजिन गार ठेवायला त्याच्या आवरणाभोवती काउल फ्लॅप नावाच्या पाकळ्या असतात. त्या उघडल्या की हवा खेळते, पण ड्रॅग वाढतो. चार इंजिनांच्या पाकळ्या उघडून उडणं म्हणजे उघडी छत्री धरून स्कूटर चालवणं. मिटल्या तर सिलिंडर भाजतात. फ्लाइट इंजिनिअरचा निम्मा जीव या पाकळ्या किती अंश उघड्या ठेवायच्या यातच जायचा. पुढे पाकळ्या आखूड केल्या, हवा वळवणारे पत्रे बदलले, तेलाच्या नळ्या वाढवल्या, तेव्हा जरा निभावलं.

नानाकोथरूड

सगळं छान चाललंय, पण मुद्द्याचं कोणी बोलत नाही. टरेट काढून का नाही टाकले?

फ्रीमन डायसन, पुढे मोठे भौतिकशास्त्रज्ञ झाले ते, तरुणपणी ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या ऑपरेशनल रिसर्च विभागात होते. त्यांनी नंतर लिहून ठेवलंय की लँकेस्टरचे दोन टरेट, त्यांचा दारूगोळा आणि गनर उतरवले असते तर विमान ताशी ५० मैलांनी वेगवान झालं असतं, आणि पडलंच तर निदान कमी माणसं मेली असती. रात्रीच्या अंधारात त्या .३०३ च्या बंदुकांनी किती जर्मन फायटर पडत होते? जर्मनांनी तर 'श्रेगे म्युझिक' म्हणून वर रोखलेल्या तोफा बसवल्या आणि पोटाखालून येऊन मारायचे. लँकेस्टरला खाली बघणारी बंदूकच नव्हती बहुतेकदा. म्हणजे तीन टरेट वाहून न्यायचे आणि मार चौथ्या बाजूने खायचा! साहेबाचा हट्ट, दुसरं काय.

रिबस्पार

नाना, श्रेगे म्युझिकबद्दल आणि माणसांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. ५० मैलांवर मात्र मी अडतो.

लँकेस्टर २८७ मैल. ५० मिळवा, ३३७. त्याच इंजिनांवर हे हवं असेल तर घनाच्या नियमाने ड्रॅग ३८ टक्क्यांनी उतरायला हवा. दोन टरेटमुळे संपूर्ण विमानाचा ३८ टक्के ड्रॅग? ३१ मीटरचा पंख, चार इंजिनं, चार रेडिएटर, दुहेरी शेपूट, ही सगळी मंडळी मिळून फक्त ६२ टक्के? मला नाही झेपत.

ताळा करायला दोन उदाहरणं. बी-१७ डी चा पुस्तकी वेग ३२३ मैल, बी-१७ जी चा २८७. अश्वशक्ती जवळपास तीच. मधल्या काळात वरचा टरेट, पोटाचा गोल टरेट, शेपटीचा गनर, हनुवटीचा टरेट आणि काही टन वजन आलं. एवढा सगळा बाजार मिळून ३६ मैल. दुसरं, बी-२९ बी. यात शेपूट सोडून सगळे टरेट काढले होते. वेग ३५७ वरून ३६४. फक्त सात मैल, कारण मुळातच ते टरेट नीट झाकलेले होते.

लँकेस्टरचे दोन टरेट काढले असते तर वीसेक मैल मिळाले असते, असा माझा अंदाज.

नानाकोथरूड

वीस तर वीस! वीस मैल आणि दोन गनर वाचले असते ना? तेच म्हणतोय मी.

लेस्टरकर

डायसनच्या बाजूने थोडं. रिबस्पार, तुमचा हिशोब टॉप स्पीडचा आहे, म्हणजे इंड्यूस्ड ड्रॅग लहान धरून. पण बॉम्ब भरलेलं लँकेस्टर जर्मनीवर सहा हजार मीटरला रात्री ताशी साडेतीनशे किमीच्या आसपास जायचं, आपल्या कमाल उंचीच्या जवळ, नाक वर करून रखडत. तिथे वजन तोलण्याची किंमत मोठी असते. दोन टरेट, दारूगोळा, दोन माणसं उतरवली तर त्या अवस्थेत फायदा टॉप स्पीडपेक्षा जास्त दिसला असता, आणि उंचीही थोडी वाढली असती. पन्नास झाले असते का, नाही सांगता येत. पण दोघं वेगवेगळ्या वेगांबद्दल भांडताय.

आणि टरेट काढले नाहीत असं अगदीच नाही. मे १९४३ मध्ये धरणं फोडायला गेलेल्या लँकेस्टरवर पाठीचा टरेट नव्हता. दहा टनी ग्रँड स्लॅम बॉम्ब नेणाऱ्यांचे नाक-पाठ दोन्ही टरेट काढलेले. हॅलिफॅक्स या दुसऱ्या ब्रिटिश बॉम्बरचं तर जास्त बोलकं. त्याच्या नाकावरचा टरेट काढून साधं झाकण बसवलं, नंतर पारदर्शक नाक दिलं, आणि वेग वाढला. त्याच विमानावर रात्री ज्वाला दिसू नयेत म्हणून एक्झॉस्टवर बसवलेली मोठाली आवरणं आणि खरखरीत मॅट काळा रंग हेही वेग खात होते. रात्री दिसू नये म्हणून केलेला रंग विमानाला हळू करतो आणि हळू झालं की ते सापडतं, हे कळायला चाचण्या कराव्या लागल्या. पुढे मॉस्किटो नाइट-फायटरवरूनही तो खरखरीत रंग गेला आणि गुळगुळीत आला.

एक्झॉस्टचा अजून एक पदर. मर्लिनच्या धुराड्यांची छोटी तोंडं मागे वळवली की बाहेर पडणाऱ्या वायूचा थोडा जेटसारखा धक्का मिळतो. ज्वाला झाकायची आवरणं घातली की हा फुकटचा धक्काही गेला. दिवसा उडणाऱ्या विमानाला जे मिळतं ते रात्रीच्या विमानाला मिळत नाही ते असं.

अनघा_बोरिवली

मग उलटं कुणी करून पाहिलं का? बंदुका वाढवून?

गगनबावडा

पाहिलं की! वायबी-४०. बी-१७ लाच जादा टरेट, जादा बंदुका, जादा चिलखत आणि ढीगभर काडतुसं. बॉम्ब नाहीत, काम एकच, बाकीच्या बी-१७ ना संरक्षण देणं. १९४३ च्या उन्हाळ्यात इंग्लंडहून मोहिमांवर गेली. जाताना ठीक. बाकीच्यांनी बॉम्ब टाकले की ती हलकी होऊन घराकडे पळायची आणि ही अंगरक्षक विमानं सगळं वजन घेऊन मागे राहायची. मग ज्यांना वाचवायचं त्यांनीच थांबून वाट बघायची. प्रयोग गुंडाळला. तिचा हनुवटीचा टरेट तेवढा बी-१७ जी च्या वाट्याला आला.

टवाळकी

म्हणजे बॉडीगार्डलाच बॉडीगार्ड लागला.

जर्मनांचं काय? त्यांच्याकडे म्हणे 'श्नेलबॉम्बर' असा खास प्रकारच होता, फायटरला मागे टाकणारा.

रिबस्पार

होता, आणि इथे इंजिनाचा किंवा हवेचा काही दोष नाही, कचेरीतल्या लोकांचा आहे.

युंकर्स ८८ ची कल्पनाच वेगवान बॉम्बर ही. मार्च १९३९ मध्ये त्याच्या पाचव्या प्रोटोटाइपने दोन टन भार घेऊन १,००० किमीचं अंतर ताशी ५१७ च्या सरासरीने कापलं, जागतिक विक्रम. पण जर्मन हवाई खात्यातल्या उडेटसारख्या वरिष्ठांना त्याने सूर मारून बॉम्ब टाकायला हवे होते. सूर मारायचा तर पंखाखाली ब्रेक हवेत. सूर मारून वर खेचताना अंगावर येणारा ताण सोसायला सांगाडा जाड हवा. चौथा माणूस, नाकाखाली गनरची गोंडोला (लोंबती पेटी), वाढत्या बंदुका. उत्पादनातलं ए-१ साधारण ताशी ४५० किमीचं. सत्तर किमी मागण्यांच्या कागदांनी खाल्ले.

मॉस्किटोच्या बाबतीतही ब्रिटिश हवाई खात्यात असेच लोक होते: विनाबंदुकीचा बॉम्बर म्हणजे काय, बंदूक लावा. टरेटवालं फायटर मॉस्किटोही बनवून पाहिलं आणि सोडलं. सर विल्फ्रिड फ्रीमन पाठीशी उभे राहिले म्हणून ते विमान तसंच राहिलं. कुचेष्टेने त्याला फ्रीमनचा मूर्खपणा म्हणत.

चंपक९

एक वेगळी शंका. टॉप स्पीडने कोणी कायम उडत नव्हतं. इंजिन पूर्ण ताकदीवर पाच मिनिटं चालतं फार तर. मग या आकड्याला अर्थ काय?

लेस्टरकर

लँकेस्टर आणि बी-१७ साठी फारसा नाही. बी-१७ थव्याने जायची आणि थव्याचा वेग सगळ्यात कमकुवत विमान ठरवतं. जवळ राहायला थ्रॉटल मागेपुढे करायला वाव लागतो, त्यामुळे ठरलेला वेग टॉप स्पीडच्या बराच खाली.

मॉस्किटोचं तसं नाही, कारण त्याचा रोजचा आरामशीर वेगच इतरांच्या टॉप स्पीडपेक्षा जास्त. हिशोब करा. रडारवर ठिपका दिसला, जर्मन फायटर उडाला, आठ हजार मीटरवर चढला, तोवर मॉस्किटो ३० किमी पुढे. फायटर ताशी ६० किमीने जास्त पळतोय असं धरलं तरी गाठायला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात दोघं मिळून कुठल्या कुठे पोचतात, आणि मेसरश्मिट १०९ पूर्ण ताकदीवर अर्धा तास काढेपर्यंत इंजिन आणि पेट्रोल दोन्ही संपत आलेलं. बॉम्बर कमांडमध्ये मॉस्किटोचं नुकसान दर उड्डाणामागे एक टक्क्याच्याही खाली राहिलं, लँकेस्टरचं दोनच्या थोडं वर, ते यामुळे. ३० जानेवारी १९४३ ला, नाझी सत्तेच्या दहाव्या वर्धापनदिनी, गोरिंगच्या रेडिओवरच्या भाषणाच्या वेळेला मॉस्किटो भरदिवसा बर्लिनवर पोचली होती.

अवांतर: हेच विमान बीओएसी ही ब्रिटिश विमान कंपनी स्वीडनहून ब्रिटनला बॉल बेअरिंग आणि प्रवासी आणायला वापरायची. प्रवासी बॉम्बच्या कप्प्यात झोपून. १९४३ मध्ये नील्स बोर असेच आले आणि ऑक्सिजनची सूचना ऐकू न आल्याने वाटेत बेशुद्ध पडले.

हिजलीवाला

आपल्याकडे मात्र मॉस्किटोचं लाकूड त्रास देऊन गेलं. १९४४ च्या अखेरीस भारत-ब्रह्मदेश आघाडीवर पंख उकलल्याचे अपघात झाले आणि विमानं काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. आधी खापर उन्हावर आणि दमटपणावर फोडलं, चौकशीत जुळणीतला ढिसाळपणाही सापडला. सुरुवातीचा केसीनचा सरस, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा, बदलून फॉर्माल्डिहाइडवाला आणला तो या हवेत जास्त टिकला. ऊन परतवायला चंदेरी रंगही दिला.

चंपक९

प्रॉपेलरबद्दल कोणीच बोललं नाही.

रिबस्पार

बोलतो थोडक्यात. मर्लिन मिनिटाला ३,००० फेरे घेतं, लँकेस्टरमध्ये गिअरने ते १,२६० पर्यंत उतरवून प्रॉपेलरला देतात. प्रॉपेलर १३ फूट व्यासाचा. त्याच्या टोकाचा फिरण्याचा वेग सेकंदाला २६१ मीटर. विमान स्वतः १२८ मीटरने पुढे जातंय. दोन्ही मिळून टोक सेकंदाला २९० मीटर, ताशी हजार किमीच्या वर, ध्वनीच्या वेगाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास. त्याच्या पुढे टोकाशी धक्कालाटा तयार होतात आणि ताकद आवाजात वाया जाते. म्हणून जास्त ताकद पचवायची तर फेरे वाढवता येत नाहीत, पाती रुंद करावी लागतात किंवा तीनाची चार. पिस्टन बॉम्बरला वरचं छत या टोकांनीच घातलं.

जर्मन अराडो २३४ जेटने ते तोडलं, ताशी ७४० किमी. पण आत जागा नसल्याने बॉम्ब बाहेर टांगायचे. टांगले की वेग लगेच खाली.

नानाकोथरूड

लोहगावची आठवण काढल्याशिवाय धागा पुरा होणार नाही. स्वातंत्र्यानंतर ब्रिटिशांनी कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर, म्हणजे बी-२४, हिंदुस्तान एअरक्राफ्टने दुरुस्त करून उडती केली. त्यांतली काही ६ नंबरच्या स्क्वाड्रनबरोबर पुण्यात समुद्रावर पाळत ठेवायच्या कामाला होती. पुढे त्याच लोहगावला कॅनबेरा आली. एकही बचावाची बंदूक नाही, भरवसा फक्त वेग आणि उंचीवर. मॉस्किटोची जागा घ्यायलाच ब्रिटिशांनी ती बनवली होती. म्हणजे साहेबाला अक्कल आली, युद्ध संपल्यावर.

अनघा_बोरिवली

लिबरेटरचा तो लांब अरुंद पंख वेगासाठी होता का?

गगनबावडा

मुख्यतः पल्ल्यासाठी. डेव्हिस नावाच्या माणसाचा पंख, लांब आणि चिंचोळा, त्यामुळे इंड्यूस्ड ड्रॅग कमी. लेस्टरकर म्हणाले त्या जड, उंच, रखडणाऱ्या अवस्थेत याचा फायदा. बी-१७ पेक्षा तिचा रोजचा वेगही जास्त होता. म्हणून दोघींना एकाच थव्यात घालणं म्हणजे नियोजन करणाऱ्यांच्या डोक्याला ताप. दिल्लीत पालमच्या वायुसेना संग्रहालयात लिबरेटर उभी आहे. पंखाकडे समोरून बघा, कळेल.

टवाळकी

आता हेंकेल १७७ वर वेगळा धागा काढा. दोन इंजिनं दिसतात पण चार असतात असं ऐकलंय.

गगनबावडा

बरोबर ऐकलंय. ड्रॅग कमी करायला दोन डायमलर-बेंझ इंजिनं शेजारी शेजारी जोडून एकाच आवरणात, एकच प्रॉपेलर. रेडिएटरऐवजी पंखाच्या पृष्ठभागातून वाफ थंड करायची कल्पना होती, ती सोडावी लागली आणि मोठे रेडिएटर आले. म्हणजे वाचवलेला ड्रॅग परत आला, वर इंजिनं एकमेकांना भाजत पेट घ्यायला लागली. आणि एवढ्या मोठ्या धुडाने सूर मारायचा ही अटही होतीच. लिहितो सवडीने.

टवाळकी

अग्निशमन दलाला धाग्यावर बोलावून ठेवतो.